आप्पांचं धावतं वर्णन

आमचे आप्पा स्वतः चहा पीत असले तरी त्याचं धावतं वर्णन करत. "आप्पांनी कप उचलला हाय... फुंकर मारली... आन् पयला घोट! जीभ भाजली, मंडळी, जीभ भाजली!" कासुर्डीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. सकाळी धारेच्या वेळी म्हशीचा मूड कसा आहे, हे आम्हाला भिंतीपलीकडून थेट कळायचं. "लाथ उगारली... चुकली... काकू बचावल्या!"

उभी हयात त्यांनी टीव्हीवर कबड्डीचं समालोचन केलं. सुरुवात शुद्ध भाषेत व्हायची, पण सामना रंगला की आतलं दौंड बाहेर यायचं, आणि लोक टीव्ही लावायचे ते त्याचसाठी. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा हातातला माइक तेवढा गेला, तोंड चालूच राहिलं. ग्रामसभेत सरपंच बोलायला उठले की मागून आवाज यायचा, "सरपंच चढाईला निघाले... प्रश्नाला हुलकावणी... सुखरूप परत!" लग्नात अंतरपाट धरण्याआधी भटजी आप्पांकडे बघून हात जोडायचे. आज नको, म्हणून.

मागच्या महिन्यात आप्पा गेले. दहाव्याला ही गर्दी. शेजारी म्हणून मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. लोक रडवेले झालेले, म्हटलं जरा हसवावं. म्हणून आप्पांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य सांगितलं. एका सामन्यात एक पोरगा चढाईला गेला आणि मधल्या मध्येच घसरून खाली बसला. आप्पा टीव्हीवर म्हणाले, "हा चढाईला आलाय का पाहुणचाराला? बसा पाहुणं, चहा टाकू का?" तेव्हा घराघरांत लोक हसले होते. दहाव्यालाही हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

भाषणं संपल्यावर पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ माझ्याजवळ आले.

"मी संपत. इनामगावचा. त्यो घसरल्याला पोरगा मीच."

तोंड कुठं लपवावं ते मला कळेना.

"गाव मला आजून पाहुणाच म्हणतं," ते म्हणाले. "माझ्या लेकीला शाळंत पाहुण्याची पोरगी म्हणायचे. त्याच साली खेळ सोडला मी."

"माफ करा हो," मी पुटपुटलो. "आप्पांना हे ठाऊक असतं तर..."

"ठावं हुतं. आमच्या गावाला सामन्यांना आलते, तवा कुणीतरी मला 'ए पाहुण्या' म्हणून हाक मारली. आप्पांनी वळून बघितलं. तोंडच उतरलं त्यांचं. दुसऱ्या दिशी माझ्या कांद्याच्या रानात आले, हात जोडले. मी तोंड फिरवून खुरपत राह्यलो. मग यायलाच लागले. बांधावर बसायचे. एक शब्द बोलायचे न्हाईत. ऊन उतरलं की उठून जायचे."

गप्प बसलेले आप्पा काही केल्या माझ्या डोळ्यांपुढं येईनात.

"शेवटाला आले तवा हातात काठी हुती. भीमा वलांडून, दोन एस्ट्या बदलून आलते. 'जाऊ द्या आप्पा, इसरलो मी,' एवढं वठावर आलं हुतं माझ्या." टोपी काढून संपतरावांनी हातात घेतली. "खरं सांगू? राग कवाच गेला हुता. पण म्हाताऱ्याचं येणं ग्वाड वाटायला लागलं हुतं. माफ केलं आन् यायचेच थांबले, तर? म्हणून गिळलं. आता ते तसंच गेले की हो."

तेवढ्यात काकू आल्या. आमचं काय चाललंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. "लांबनं आलाय, जेवल्याबिगर जाऊ नका," म्हणाल्या.

संपतराव पंक्तीच्या टोकाला जाऊन बसले. मी वाढायला वाकलो, तेव्हा त्यांना वर बघवेना आणि मला त्यांच्याकडं.