जपानी अक्षरांतलं स्वागत

शिरड शहापूरच्या चौकात फ्लेक्स लागला आणि अर्ध्या तासात वैजनाथरावांना वाटलं, झक मारली अन् हे केलं.

तीन वर्षांनी लेक घरी येणार होती. अनुश्री जपानात म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. इंग्रजी शब्द, परक्यांची नावं तिकडे एका वेगळ्याच लिपीत, आवाजाप्रमाणे लिहितात, हे तिनंच वडिलांना फोनवर शिकवलं. शिकवायच्या निमित्तानं ती रोज दहा मिनिटं दिसायची, म्हणून वैजनाथरावांनी अख्खी वही गिरवली. लेक दिसावी म्हणून ते चिनीसुद्धा शिकले असते.

मग स्वागताचा फ्लेक्सही त्याच अक्षरांत. वर 'वेलकम अनुश्री', खाली तेवीस शुभेच्छुक, आणि त्या गर्दीत दडवलेली एक ओळ त्यांची स्वतःची. पोरीला समोरासमोर कधी म्हणता आलं नव्हतं ते त्यांनी इंग्रजीत जुळवून जपानी अक्षरांत बसवलं होतं. गावात कोणाला वाचता येणार? ती येईल, वाचेल, गालात हसेल, एवढाच बेत.

पण फ्लेक्स लागला की गाव आधी आपलं नाव शोधतं.

"माहं नाव कुठंय?" माजी सरपंच किशनरावांनी विचारलं.

"वरून दुसरं."

"अन् पहिलं?"

"जळबाचं."

"त्यो माह्या वर? काहून?"

"मला तर समदी अक्षरं एकसारखीच दिसून राहिली," जळबा म्हणाला. "नावं हायेत तरी का न्हाई?"

झालं, सगळ्यांनाच संशय आला. तेवढ्यात वैजनाथरावांची बायको शकुबाई हातात फोन घेऊन धावत आल्या.

"अवो, पोरीची सुट्टी रद्द झाली. येऊन न्हाई राहिली."

"बाबा, इथं माणसं कमी पडून राहिली," फोनवर अनुश्री रडवेली झाली होती. "दिवाळीला बघते."

"बरं," वैजनाथराव म्हणाले.

किशनरावांनी मात्र संधी साधली. फोन घेतला, स्पीकर लावला, कॅमेरा फ्लेक्सकडे केला. "अनु बेटा, येवढी यादी वाचून दे. तुह्या बापाचा भरवसा न्हाई."

"ऱ्हाऊ द्या किशनराव! लेकराला काम असंल!" वैजनाथराव फोनवर झेपावले. तसं चौघांनी त्यांना धरलं. यादीत घोळ आहे याची आता खात्रीच पटली.

"जारुबा... किशानराओ..." अनुश्री जपानी उच्चारात वाचू लागली. ज्याचं नाव येई तो हात वर करी. सतरा हात झाले आणि आवाज थांबला.

"पुढं कोण हाय?" किशनरावांनी विचारलं.

"मिस यू," अनुश्री हळूच म्हणाली. "कम होम... बाबा."

इंग्रजी न येणाऱ्यांनाही 'बाबा' कळला. वैजनाथरावांना मान वर करवेना. लेकीची आठवण येते, हे आता सगळ्या गावाला कळलं होतं.

किशनरावांनी चष्मा काढून पुसला आणि मग ते खेकसले, "अरे येड्या, येवढंच मोठ्या अक्षरात लिहायचं सोडून आमची नावं काहून टाकली?"