युवराजांचं जावळ

एका जंगलात, म्हणजे कुठल्या ते विचारू नका, नकाशा मागितलात तर मी उठून जाईन, साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. ती बाहुल्या करायची. तुमच्याकडे आहेत तसल्या नव्हेत. तिची बाहुली मांडीवर घेतली, की आपोआप मानेखाली हात जायचा. पोटात वाळू भरून ती वजनसुद्धा अगदी बाळाइतकं करायची.

सगळ्यात अवघड काम केसांचं. साळूबाई आपल्याच पाठीचा एक काटा उपटायची, त्याच्या टोकाला बारीक खाच पाडायची आणि मेणाच्या डोक्यात एकेक केस रोवायची. एका भोकात एक केस, हा तिचा नेम. टाळूवर भोवरा, कपाळाशी विरळ लव. मग आतून डिंक. एका डोक्याला तीन महिने लागायचे. तेवढ्या वेळात खरं बाळ बसायला लागतं, पण त्याला कोणी कलाकुसर म्हणत नाही.

केस यायचे हौसा शेळीकडून. हौसाची लोकर लांब, कुरळी, रेशमासारखी. शिकलेले लोक तिला मोहेर म्हणतात. हौसा तिला केस म्हणायची, कारण ते तिच्या अंगावर होते. तिला एक करडू होतं, गबदुल. जंगलात तेवढा एकच बोकड. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या जंगलाच्या वाघीणराणीला तीन बछडे होते. ते ओरबाडायचे, रात्रंदिवस भूक भूक करायचे आणि कुठेही घाण करायचे. राणीने त्यांना शिकार शिकायला लांबच्या मावशीकडे धाडलं आणि साळूबाईला बोलावून सांगितलं, मला एक नीट बाळ करून दे. डोक्यावर कुरळे केस हवेत.

आता वाघाच्या बछड्याला कुरळे केस तुम्ही कधी पाहिलेत का? साळूबाईनेही पाहिले नव्हते. पण राणीने असतात म्हटल्यावर असतात.

हौसाने पाठ भादरून दिली. थंडीचे दिवस होते, गबदुल आईला चिकटून झोपायचा आणि तिची पाठ आता उघडी. पण हौसाला वाटलं, राजवाड्यात आपले केस जातायत, उद्या आपल्या लेकराला कोणी हात लावणार नाही. भाबड्या आयांना असं वाटतं.

तीन महिन्यांनी बाळ तयार झालं. राणीने त्याचं नाव युवराज ठेवलं. ते रडत नव्हतं, खात नव्हतं, उलट उत्तर देत नव्हतं. दरबार म्हणाला, याला म्हणतात संस्कार.

मग तिथे आले कोल्हेशास्त्री. त्यांनी युवराजांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, जावळ कधी काढायचं?

बाळांनो, जावळ म्हणजे बाळाचे पहिले केस. ते मामाच्या मांडीवर बसवून काढतात आणि मग जेवण घालतात. कोल्हेशास्त्र्यांचं सगळं शास्त्र त्या जेवणात होतं. त्यांनी सांगितलं की जावळाला बोकड पडलाच पाहिजे, नाहीतर बाळाची वाढ खुंटते.

“खुंटते?” राणी घाबरली. वाळू भरलेल्या बाळाची वाढ खुंटायला नको, म्हणून तिने आठ दिवसांनंतरचा मुहूर्त धरला.

हौसाला निरोप गेला. ती धावत राजवाड्यात आली.

“सरकार, ते बाळ नाही. बाहुली आहे. ते केस माझे आहेत.”

राणीने युवराजांच्या कानावर पंजा ठेवला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

मग तिने हौसाला सांगितलं की तू आई आहेस, आईची माया तुला समजायला हवी. एका आईच्या बाळाच्या वाढीसाठी दुसऱ्या आईने एवढं करू नये? दरबाराच्या डोळ्यांत पाणी आलं. हौसाच्याही आलं, पण ते वेगळं होतं.

तिथून हौसा थेट साळूबाईकडे गेली. तुझ्या काट्याने माझं लेकरू मारलं, म्हणाली. साळूबाईने ऐकून घेतलं. मग विचारलं, “हौसे, पोटाखाली काही केस राहिलेत का?”

आठ दिवसांत तिने बोकड केला. पोटात वाळूऐवजी भुसा आणि चिंध्या. डोळे रिठ्याचे. एका भोकात एक केस रोवायला वेळ कुठला? आयुष्यात पहिल्यांदा तिने एकेका भोकात दहा-दहा केस कोंबले. त्याची तिला अजून लाज वाटते. गबदुल वाचला याचं कौतुक केलंत, तरी ती तेवढंच सांगते.

जावळाचा दिवस उगवला. बिबटेमामा मांडी घालून बसले. खेकडा न्हावी आला. तीन महिन्यांचं काम त्याने एवढ्याशा वेळात उतरवलं. खाली युवराजांच्या डोक्याची चाळण दिसू लागली. सगळे म्हणाले, टक्कल काय गोजिरं दिसतंय.

तिकडे स्वयंपाकाला तरस होता. त्याने साळूबाईने आणलेल्या बोकडाला सुरी लावली आणि थांबला.

“साळूबाई, याला रक्त नाही.”

“युवराजांना आहे का?” साळूबाई म्हणाली. “चल, आधी तिथे जाऊन पाहू. सुरी घे बरोबर.”

तरसाने बोकड मुकाट्याने हंड्यात टाकला.

पंगत बसली. पहिला घास शास्त्र्यांचा. त्यांनी चावला, पुन्हा चावला, डोळे बारीक केले. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि ते राणीच्या मांडीवरच्या युवराजांकडे. चिंधी गिळून ते म्हणाले, “कोवळा आहे.”

मग काय, सगळ्यांनाच कोवळा लागला. मामांनी रश्श्याची तारीफ केली. अस्वलाने सांगितलं, असा बोकड माझ्या लग्नानंतर खाल्ला नव्हता. शास्त्र्यांना आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं, आणि त्यांनी तेही संपवलं. दातांत भुसा अडकला होता, पण दात कोरायला कोणी काडी मागितली नाही. काडीला भुसा दिसला असता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात गबदुल आला. पत्रावळींचा वास लागल्यावर शेळीचं पोर घरी थांबतं का? तो आला आणि भर पंगतीत राणीची पत्रावळ खाऊ लागला.

हौसा झाडाआड उभी होती.

“हे काय?” राणीने विचारलं.

शास्त्र्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं खरं मटण त्यांनी सकाळपासून पाहिलं नव्हतं. पण बोलणार काय? बोकड तर त्यांनी दोनदा खाल्ला होता.

“बाहुला आहे, सरकार,” साळूबाई म्हणाली. “मीच केलाय. नीट जमला नाही.”

राणीने गबदुलला उचललं. मानेखाली हात धरून पाहिलं. वजन बरं आहे, म्हणाली. पण नाक ओलं कशाला केलंस? कानही फार हलतात. आणि हे केस बघ, कुठे दाट, कुठे विरळ. भोवराही बाजूला गेलाय.

गबदुल घाबरला. घाबरल्यावर करडू जे करतं ते त्याने केलं. राणीच्या मांडीवर लेंड्या पडल्या.

साळूबाई पुढे झाली. “शिवण उसवली वाटतं. भुसा गळतोय.”

राणीने नाक मुरडलं. तिने मांडीवरचे युवराज सावरले आणि गबदुलला दोन बोटांनी धरून साळूबाईच्या हातात दिलं.

“तुझा हात बिघडलाय,” ती म्हणाली. “हे अजिबात जिवंत वाटत नाही. घेऊन जा.”

साळूबाईने मान खाली घातली. झाडाआडून हौसा आली. तिने गबदुलला ढुशी मारली आणि दोघं घरी गेली. तो दोन दिवस तिच्या उघड्या पाठीला चिकटून होता.

युवराजांचे केस काही पुन्हा आले नाहीत. शास्त्री म्हणतात, चिंता नको, मुंजीला गोटाच करायचा असतो. जेवणाचं मात्र ते आता आपणहून काढत नाहीत.

तात्पर्य: बाळांनो, आपण खरे आहोत हे मोठ्यांना पटवून द्यायला जाऊ नये. पटलं, तर ते आपल्याला शिजवतात. त्यापेक्षा आपण नीट जमलो नाही असं सांगावं आणि शक्यतो मांडीवर पुरावा ठेवून यावं.