चहाशी जुळलेला आलेख

तांब्याची पट्टी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दाबायची आणि कानाला ऐकू न येणारी थरथर द्यायची. घासून घासून दोघी तापतात आणि क्षणात जोडल्या जातात. किती तापतात, हे आधीच सांगणारं मॉडेल प्रयोगशाळेतल्या ताईंनी वर्षभर खपून संगणकावर बांधलं होतं. दुपारी मोठ्या मॅडम येणार होत्या. मॉडेल आणि मोजमाप जुळलं तर काम पुढे, नाही तर गाशा गुंडाळायचा.

मॉडेल म्हणत होतं तीनशे अंश. तापमान मोजणारी तार जेमतेम साठ दाखवत होती. ताईंचा तारेवर विश्वास होता, स्वतःवर नव्हता. त्यांनी मॉडेलमधलं घर्षण कमी केलं, मग आणखी कमी केलं, इतकं की तांब्याला जणू साबणच लावला. आकडा साठवर आला, तोच मोजमाप हळूहळू उतरायला लागलं आणि यंत्र बंद असताना मध्येच टुणकन वर उडालं. ताईंनी डोकं खाजवून 'मागाहून येणारी उष्णता' असं नवं समीकरणच जन्माला घातलं.

मॅडम आल्या तेव्हा पडद्यावर मॉडेलची आणि मोजमापाची अशा दोन्ही रेघा एकमेकींवर चपखल बसल्या होत्या.

"छान जुळलंय की. पण यंत्र बंद असताना ही उडी कसली?"

"मागाहून येणारी उष्णता, मॅडम. नवीन आहे."

"असं? मग एकदा माझ्यासमोर जोडा बघू."

ताईंनी बटण दाबलं. पट्ट्या जोडल्या गेल्या, मोजमापाची रेघ मात्र ढिम्म हलली नाही. तेवढ्यात किटली घेऊन मावशी आल्या.

"ताई, परत गार केलात ना चहा? थांबा, जरा गरम घालते."

त्यांनी मॉनिटरमागच्या कपात चहा ओतला. रेघ टुणकन उडाली. मॅडमनी रेघेकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं आणि तारेचा माग काढत त्या कपापर्यंत पोचल्या.

"ही तार चहात कुणी घातली?"

"ताईंनीच, सकाळी. मला वाटलं प्रयोग असेल, म्हणून मी आपली बाजूबाजूनं ओततेय."

तार चालते का ते बघायला आपणच ती चहात बुडवली होती आणि काढायची राहिली, हे ताईंना आत्ता आठवलं. त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं.

"वर्षभराचं काम चहात बुडवलं मी, मॅडम."

"बुडालं कसं? खाडाखोडीच्या आधीचं मॉडेल ठेवलंय ना?"

ठेवलं होतं. ताईंनी तार पुसून नव्या पट्ट्यांच्या मध्ये नीट बसवली आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं. दोन्ही रेघा जोडीनं तीनशेपर्यंत चढल्या.

"काम चालू ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आणि ते चहाचं मॉडेलही टाकू नका. मीटिंगमध्ये माझा रोज गार होतो."

त्या गेल्यावर ताईंनी कप उचलला. वर्षभरात पहिल्यांदाच तो गरम होता.