अळंबी साभार परत

सन एकोणीसशे चौतीसच्या श्रावणात कुरवंडे येथील प्राथमिक शाळेचे हेडमास्तर, आणि त्या शाळेतले एकुलते एक मास्तर, भिमाजी कडू यांनी अळंबीवर एक लेख लिहिला. डोंगरात उगवणाऱ्या अळंब्यांपैकी खायच्या कोणत्या आणि खाऊन मरायच्या कोणत्या, एवढाच त्याचा विषय होता; शेवटी खायच्या अळंबीच्या रस्स्याची कृती तेवढी जोडली होती. ही विद्या त्यांना ठाकरवाडीच्या बाया नावाच्या ठाकरणीने नऊ पावसाळे रानात हिंडवून शिकवली होती. आदल्या वर्षी घाटात रुळांवर काम करणारे दोन गडी अळंबीची भाजी खाऊन दगावले, तेव्हा बायाच म्हणाली होती, "गुर्जी, तुमास्नी लिवाया येतंय. लिवा की. मी एकली किती जनांस्नी सांगत फिरू?"

मास्तरांनी लेख पुण्याच्या एका विद्वन्मान्य मासिकाकडे धाडला. दीड महिन्यात तो साभार परत आला. लेखक पदवीधर नाहीत आणि मजकुराला आधारग्रंथ नाही, असे संपादकांचे म्हणणे होते. मास्तरांनी उलट टपाली कळवले की आधार बाया, ठाकरवाडी. त्यावर एका ओळीचे उत्तर आले: "त्यांचे प्रकाशक कोण?"

मग त्यांनी स्त्रियांसाठी निघणाऱ्या एका मासिकाला लिहिले. "आमच्या भगिनींना मरणाचा विषय मानवत नाही. रस्स्याची कृती मात्र उत्तम आहे. विष तेवढे वगळावे," असा शेरा आला. मास्तरांनी विष वगळले नाही.

एका राष्ट्रीय बाण्याच्या मासिकाने आस्थेने चौकशी केली. विषारी जात विलायतेतून आली असे सिद्ध करता आल्यास लेख पहिल्या पानावर घेऊ, असे त्यांनी कळवले. मास्तर लगोलग ठाकरवाडीला गेले.

"बाया, ही वाईट अळंबी मुळात कुठली?"

"हितलीच हाय गुर्जी. माज्या आज्याच्या आज्याला ठावं व्हती."

मास्तरांचा नाइलाज झाला. चौथ्या मासिकाने पावसाळी अंक चैत्रातच भरल्याचे सांगितले. चैत्रात पुन्हा धाडला, तेव्हा विषय हंगामाला धरून नाही म्हणून परत केला.

हे पाकीट दर खेपेला लोणावळ्याहून चढ चढून परत आणून द्यायचे काम पोस्टमन नथूकडे होते. तो ओट्यावर बसून घाम पुसत म्हणाला, "मास्तर, येक डाव त्या हसायच्या मासिकाला धाडून बगा. ते कायबी छापत्यात."

त्यांनी छापले. काना-मात्रेचाही बदल न करता छापले, वर अळंबीची छत्री धरून यमाबरोबर फिरायला निघालेल्या गृहस्थाचे चित्र काढले. संपादकांनी लिहिले, "चेहरा गंभीर ठेवून विनोद करण्याची आपली हातोटी विरळाच."

मास्तरांनी तो अंक शाळेच्या कपाटात टाकून कुलूप लावले. तिसऱ्या दिवशी बायाच शाळेत आली.

"छापलं म्हनत्यात."

"छापलं."

"लोकं वाचत्यात?"

"वाचतात. आणि हसतात."

बाया म्हणाली, "हसू द्या. वाचल्याबिगर का हसत्यात?"

मास्तरांना यात तथ्य वाटले. त्यांचे नाव लोणावळ्यातल्या बंगल्याबंगल्यांत पोहोचले होते. एक निवृत्त न्यायाधीश रावसाहेब पावसाळा काढायला तिथे येत. त्यांनी पाहुण्यांपुढे तो लेख तीनदा मोठ्याने वाचला होता. बाजारात मास्तर दिसताच त्यांनी काठी रोवून वाट अडवली.

"मास्तर, पांढरीशुभ्र, बुडाशी वाटी असलेली, आणि ती खाल्ली की माणूस चौथ्या दिवशी आटोपतो. काय कल्पना सुचली हो."

"कल्पना नाही रावसाहेब. खरंच मरतो."

रावसाहेबांना हसू इतके अनावर झाले की दुकानदाराने त्यांना स्टूल दिले.

त्याच महिन्यात त्यांच्या बागेत पांढरी अळंबी उगवली. त्यांनी ती स्वतः खुडली, बुडाची वाटी चार मित्रांना दाखवून सगळ्यांना हसवले, आणि भाजी करायला लावली. मित्र हसले, पण जेवायला थांबले नाहीत. रावसाहेब चौथ्या दिवशी गेले.

दुखवट्याची सभा लोणावळ्यातच भरली. अध्यक्षस्थानी पुण्याच्या त्या विद्वन्मान्य मासिकाचे संपादक होते. ते खिन्न स्वरात म्हणाले, "एवढ्या महत्त्वाच्या विषयावर मराठीत अधिकाराने लिहिणारा एकही माणूस निघू नये, ही आपल्या भाषेची शोकांतिका आहे." असा माणूस शोधण्यासाठी पाच पदवीधरांची समिती नेमण्याचा ठराव लगेच मांडण्यात आला.

भिमाजी मास्तर शेवटच्या रांगेतून उठले.

"मला दोन शब्द बोलायचे आहेत," ते म्हणाले. "ज्या अळंबीच्या बुडाशी वाटी असते…"

माना वळल्या. कोणीतरी कुजबुजले, "अरे, हेच ते." एका खुर्चीतून फिसकन हसू फुटले, ते दाबायला दुसऱ्याने रुमाल तोंडाशी धरला, आणि बघता बघता सगळी सभा खुसखुसू लागली. मास्तर तसेच उभे राहून आवाज चढवत वाक्य पुरे करू लागले, तसतसे हसू वाढत गेले.

शेवटी रावसाहेबांचे धाकटे बंधू उठून त्यांच्याजवळ आले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून ते अजिजीने म्हणाले, "मास्तर, निदान आज तरी नको हो. प्रसंग दुःखाचा आहे."