वानखेडेभाऊंचा कापूस

वानखेडेभाऊ आमच्याकडे चहाला आले की आधी डबे हलवतात. चण्याचा, सुपारीचा, बायकोच्या सुया-बटणांचा. कानाशी धरून खुळखुळवतात आणि म्हणतात, "आवाज चुगली करते, जी." मग खिशातून कापसाचा बोळा काढून डब्यात कोंबतात.

इकडे हिंदी मुलखात, रांझीत, आमच्या समोरच त्यांचं घर. एकटा जीव. जेलच्या दवाखान्यात कंपाउंडर. मी कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होतो, म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाल्ला. हा माणूस देवाला दिवा लावत नाही, मग याला एवढा कापूस लागतो काहून? सायकलच्या घंटीतही कापूस. त्यापायी एकदा गाईवर जाऊन आदळले.

सुमन, म्हणजे आमची बायको, म्हणायची, "हे जेलात नोकरीला आहेत की तिथून सुटून आलेत?"

त्यांचाही आमच्यावर भरवसा होता अशातला भाग नाही. "कैसे हो भाऊ?" म्हटलं तरी उत्तर यायचं, "काहून विचारून राहिले?"

गेल्या महिन्यात ते पिशवी आमच्याकडे विसरले. दुसऱ्याची पिशवी उघडू नये हे मलाही कळतं. मी उघडली. आत औषधाची बाटली. हलवली, तर आवाज नाही. वर कापूस, खाली गोळ्या. लेबलावरचं नाव मोबाईलवर शोधलं. एचआयव्हीचं औषध निघालं.

अच्छा, म्हणजे असं आहे तर, मी मनात म्हटलं. कपाने, चहाने तो रोग लागत नाही, हे त्याच मोबाईलवर खाली लिहिलं होतं. तेही मी वाचलं, सुमनलाही वाचून दाखवलं. तरी दुसऱ्या दिवशी सुमनने त्यांना टवका उडालेला वेगळा कप दिला, आणि मी तिला अडवलं नाही.

भाऊंनी आपला कप पाहिला. मग आमचे पाहिले. चहा पूर्ण प्यायले आणि म्हणाले, "आत बी कपापासूनच सुरू होते."

त्या दिवशी पहिल्यांदा ते सलग बोलले. "जेलात तपासणी होते. निघालं त् औषध सुरू. रोज गोळी घेतली की माणूस चांगला राहते. पण बराकीत बाटली वाजली की साऱ्यांना समजते. एक होता. मी खिडकीतून बाटली दिली, तो खुळखुळवत घेऊन गेला. आठ दिवसांत त्याचं ताट वेगळं, बिछाना संडासापाशी. त्यानं गोळ्या मोरीत टाकणं सुरू केलं. मला म्हणे, 'खा ली, भैया.' मी बी खरं मानत गेलो. गेला बिचारा. तेव्हापासून कापूस भरून देतो. आतल्यांना, अन् सुटून गेलेल्यांना बी."

"मग ही बाटली कोणाची?"

"नाही सांगत."

"तुमची नाही एवढं तरी सांगा, भाऊ."

"माझी नाही म्हटलं त् तुम्ही आणखी कोणाचा कप वेगळा कराल. माझीच समजा." पिशवी उचलून ते निघून गेले.

मला फार लाज वाटली. सुमनने तो कप फेकून दिला. चार दिवस भाऊ फिरकले नाहीत. त्यांची सायकल दारावरून मुकाट्याने जायची आणि आम्ही दोघं खिडकीतून बघायचो. पाचव्या दिवशी मी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून कापसाचं बंडल आणलं आणि त्यांच्या दारात उभा राहिलो.

दार अर्धंच उघडलं. "काहून आले?"

"चहा प्यायला."

बंडलाकडे बघत त्यांनी मला आत घेतलं, चहा टाकला. फळीवर कप एकच होता. इतक्या वर्षांत त्या घरात दुसरा लागलाच नसावा. भाऊ भरलेला कप हातात धरून थोडे घुटमळले.

"एकच आहे," ते म्हणाले. "आधी तुम्ही घ्या. मग मी घेतो."

"नाही भाऊ. आधी तुम्ही."

त्यांनी अर्धा चहा प्यायला आणि कप माझ्यापुढे सरकवला. बाटली कोणाची, हे मला आजही माहीत नाही. उरलेला चहा मी प्यायलो, आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत भाऊ माझ्याकडे संशयाने बघत होते.