खोली बावीस, सुरुवात विचाराधीन

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ड्रिल प्लेट भेदून, खालची दोन मिलिमीटरची मोकळी जागा ओलांडून, मशीनच्या टेबलात पाच मिलिमीटर घुसले. कोणालाही दुखापत झाली नाही. टेबलाला झाली.

कारण पाच मिनिटांत सापडले. प्लेट वीस मिलिमीटरची यायची होती, खरेदी खात्याने पंधराची आणली. सॉफ्टवेअरमध्ये मात्र भोकाची सुरुवात प्लेटच्या वरच्या पृष्ठावर आणि खोली बावीस, हे आकडे तसेच राहिले.

"खोली सतरा करते. दोन मिनिटांचं काम," प्रोग्रामरबाई म्हणाल्या.

"खोली डिझाइन खात्याची आहे, मॅडम," व्यवस्थापक म्हणाले. "त्यांच्या मंजुरीला तीन आठवडे लागतात. सुरुवात आपली आहे, ती बदला."

"मग सुरुवात पाच मिलिमीटर वर घेते. ड्रिल तितकंच कमी उतरेल."

हे बरोबर होते, आणि येथेच थांबता आले असते. परंतु सुरुवातीचा बिंदू आपल्या अखत्यारीत येतो, ही वार्ता दुपारपर्यंत सर्व खात्यांत पोहोचली. गुणवत्ता खात्याने खबरदारी म्हणून आणखी सहा मिलिमीटर वाढवले. सुरक्षा अधिकाऱ्याने बारा.

"साहेब, हे तेवीस झाले!" प्रोग्रामरबाई म्हणाल्या. "खोली बावीस आहे. ड्रिल प्लेटला शिवणारच नाही."

"म्हणजे धोका उरलाच नाही ना?" सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारले.

मशीन सुरू झाले. ड्रिलने प्लेटच्या एक मिलिमीटर वर हवेत दोनशे चाळीस भोके पाडली. प्रत्येक भोकापुढे पडद्यावर हिरवी खूण उमटली.

"एवढं धारदार ड्रिल मी जन्मात बघितलं नाही," ऑपरेटर म्हणाला. "कीस नाही, आवाज नाही. झाडायचंसुद्धा काम नाही, बाई."

"अहो, भोकं कुठायत?"

"ते तपासणीवाले बघतील. माझ्याकडे हिरवं आलंय."

तपासणीवाल्याने पडद्यावरच्या हिरव्या खुणा मोजल्या. दोनशे चाळीस भरल्या.

या प्लेटा लिफ्टचे रूळ भिंतीला धरून ठेवण्यासाठी होत्या आणि पहिली लिफ्ट प्रोग्रामरबाईंच्याच इमारतीत बसायची होती. तेथे नवव्या मजल्यावर त्यांच्या सासूबाई गुडघ्यांमुळे सहा महिने घरात अडकून होत्या. बाईंनी प्रमाणपत्रावर सही करण्यास नकार दिला. त्यांच्या रकान्यात 'सॉफ्टवेअर सहमत' असा शिक्का मारण्यात आला.

तिसऱ्या दिवशी फिटरने इमारतीच्या अध्यक्षांना प्लेट दाखवली. "यात भोकंच नाहीत. बोल्ट कुठे घालू?"

अध्यक्षांनी प्रमाणपत्र दाखवले. "दोनशे चाळीस लिहिलीत. तुम्ही जास्त शिकलात का?"

फिटर जास्त शिकलेला नव्हता. त्याने प्लेटा चिकटवल्या.

लिफ्ट सुरू झाल्याचे कळताच बाईंनी कारखान्यातून घरी फोन लावला. "आई, लिफ्टमध्ये पाऊल टाकू नका. प्लेटांना भोकं नाहीत."

"अगं, चार जणांच्या सह्या आहेत त्यावर."

"पण माझी नाहीये!"

"तुझा स्वभावच तसा. लग्नाच्या यादीतही चुका काढत होतीस," सासूबाई म्हणाल्या. "ठेव आता, मी चप्पल घालतेय."

प्रमाणपत्र लिफ्टमध्ये आरशाशेजारी लावले आहे. येणारा प्रत्येक जण आरशात पाहतो. प्रमाणपत्र कोणी वाचल्याची नोंद नाही. वाचकांपैकी कोणी स्वतःच्या लिफ्टमधले वाचले असल्यास कळवावे.

हे लिहून होत असताना बाई घराकडे निघालेल्या रिक्षात आहेत, आणि नवव्या मजल्यावरून बटण दाबले गेले आहे.