नऊ चित्रं, नऊ हार

व्यवस्था कशी ठेवावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने माझ्याकडे यावं! गर्वाने सांगत नाही. बरं, थोडं गर्वानेच सांगतो. यंदा, म्हणजे एकाहत्तर साली, नेवासे तालुक्यातल्या एका गावी मी वाचनालयाचा कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा मागच्या खोलीत काय होतं? एक मोडकं कपाट, उंदरांचं भरलं गोकुळ आणि दानीएल मास्तरांचा संग्रह!

दानीएल मास्तर म्हणजे गावच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. पंचवीस वर्षं त्यांनी गावातल्या माणसांची तैलचित्रं काढली. एका पाद्रीसाहेबाने मायदेशी जाताना त्यांना कॅमेरा दिला, तर त्यांनी त्यावर घोडेगावच्या बैलबाजाराची फिल्म घेतली. आता थकले म्हणून लेकीकडे जामखेडला राहायला गेले आणि जाताना किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, "रीळ उन्हात ठेवू नका, चित्रं ओलीत ठेवू नका, आणि कुलपात तर काहीच ठेवू नका. लोकांना बघू द्या."

महिनाभरातच वरून पत्र आलं. हा संग्रह बघायला गावात कुणी येत नसेल, तर तो पुण्याच्या सरकारी दालनात हलवण्यात येईल. पाहणीसाठी शुक्रवारी साहेब येतील. मास्तरांना काय तोंड दाखवायचं? त्यांची माणसं ट्रकात भरून पुण्याला धाडली म्हणून सांगायचं?

मग मी अशी कंबर कसली म्हणता! उंदीर हाकलले. भिंती चुन्याने रंगवल्या. नोंदवही केली, चित्रांना नंबर दिले, मास्तरांच्या यादीवरून खाली नावं चिकटवली. अभिप्रायाची वही ठेवली. शुक्रवारी दुपारी तीनला चित्रं आणि सिनेमा फुकट, अशी दवंडी पिटवली. गुरुवारी सकाळी नऊच्या नऊ चित्रं टांगली आणि लांबून बघितली. काहीतरी कमी वाटत होतं.

हार! आता हार कुणाच्या चित्राला घालतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. म्हणूनच तर घातले! जुनी चित्रं, म्हणजे जुनी माणसं. जुनी माणसं, म्हणजे गेलेली. झेंडूचे नऊ हार घातले, नऊ उदबत्त्या लावल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

तेवढ्यात झाडायला येणारी छबूबाई दारात थबकली.

"आगं बया! तरीच दोन दिस घराला कुलूप! बन्सीदाजी गेलं?"

पाच नंबरच्या चित्राखाली 'बन्सी' असं मीच चिकटवलं होतं. "गेले," मी म्हणालो.

"कंदी?"

"ते मास्तरांना माहीत."

छबूबाईने केरसुणी टाकली आणि धावत सुटली. मी म्हटलं, कामचुकार आहे झालं!

शुक्रवारी साहेब जीपमधून उतरले. चष्मा, बुशशर्ट, हातात डायरी. गावच्या वाचनालयात बाराही महिने कावळे ओरडतात हे त्यांना ठाऊक असावं, कारण चेहरा आधीच कंटाळलेला होता. आणि बघतो तर काय! गल्लीच्या टोकापर्यंत माणसं! बाया डोक्यावर पदर घेऊन, गडी टोप्या काढून, एका रांगेत, चिडीचूप. माझी छाती फुगली. दवंडी असावी तर अशी!

माणसं आत आली, आणि पाच नंबरच्या चित्रासमोर एका म्हातारीने हंबरडा फोडला. "माज्या भावा रं! मला सोडून कसा गेलास रं!" मग सगळ्या बायांनी सूर धरला. तिच्या शेजारी एक धिप्पाड गडी मान खाली घालून उभा होता. डोकं गुळगुळीत, ओठावर ताजा वस्तरा फिरलेला.

"ह्यो मच्छिंदर. बन्सीदाजीचा धाकला भाऊ," छबूबाई डोळे पुसत म्हणाली. "पोळ्याला कुनाचा बैल फुडं, यावरनं आकरा वर्सं बोलत न्हवता. आन् आज दहाव्याची वाटबी न बघता मिशी काडून आला! तालुक्यात तशी मिशी न्हवती!"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब डायरीत लिहीत होते. मी मनात म्हटलं, माणसाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी चित्र बघून एवढं रडू! काय मास्तरांच्या कुंचल्याची ताकद! आमचे अध्यक्ष पुंजारामपाटील साहेबांना चहाला बाहेर लिंबाखाली घेऊन गेले, आणि मी सिनेमाची तयारी केली.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या. मास्तरांचं हाताने फिरवायचं यंत्र मी स्वतः फिरवायला घेतलं. भिंतीवर ताणलेल्या पांढऱ्या धोतरावर घोडेगावचा बाजार उमटला. बैल, धूळ, बैल, धूळ. आणि त्या धुळीतून पटका बांधलेला, काळ्याभोर मिशांचा एक तरणा गडी खोंड धरून सरळ आमच्याकडे चालत आला. हसला!

"बन्सीऽऽ!" म्हातारी ओरडली. "चालतोय गं! माजा बन्सी चालतोय!"

नेमकं तेव्हाच मागून दार उघडलं. अंधारातून कुणीतरी वाट काढत पुढे आलं आणि यंत्राच्या उजेडात उभं राहिलं. कपाळभर पांढरीफेक उदी, हातात पिशवी, आणि तोंडावरून चालणारे बैल!

"गोजरे, आगं मी हाय की हितं! रडती कशापायी?"

त्यानंतर काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी टेबलाखाली होतो. खोलीला दार एक आणि खिडक्या दोन. दोनशेवर माणसं त्यातून कशी गेली हे देवाला ठाऊक. "भूत! भूत!" म्हणत सगळ्यांत आधी खिडकीतून उडी मारली ती ऐंशी वर्षांच्या गोजरबाईने!

मी डोकं बाहेर काढलं, तर खोलीत दोघेच उरले होते. बन्सीदाजी आणि मच्छिंद्र.

"शिर्डीला गेल्तो तीन दिस," बन्सीदाजी म्हणाले. "येष्टीतनं उतरलो तर गावात चिटपाखरू न्हाई. म्हनलं, सिनेमाला गेली आसतील." मग त्यांनी भावाच्या डोक्यावरून हात फिरवला. "मच्छिंदर, मिशी रं कुटं गेली?"

"तुज्यासंगं गेली," मच्छिंद्र म्हणाला, आणि एवढा दांडगा गडी लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही आवरेना. टेबलाखालीच रडून घेतलं.

"उगी. औंदा पोळ्याला तुजा बैल फुडं."

"न्हाई, तुजा!"

"तुजा म्हनलं ना!"

"मी आयकायचो न्हाई!"

पुन्हा भांडण! पण या वेळी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. मी पाया पडून माफी मागितली. बन्सीदाजींनी चित्रावरचा हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, नवात आठ बराबर हायेत की. लई झालं!" खरं आहे. शाळेतसुद्धा मला एवढे मार्क कधी पडले नव्हते.

बाहेर आलो, तर साहेब चहाचा कप तसाच धरून उभे. पळणारी माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. अभिप्रायाची वही चाळली, डायरीत चार ओळी लिहिल्या आणि जीपमध्ये बसून गेले. वही मी उघडली. दोनशे चौदा सह्या आणि अंगठे, आणि अभिप्राय एकच. 'फार वाईट झाले.'

तीन आठवडे मला अन्न गोड लागलं नाही. डोळ्यांसमोर ट्रक दिसायचा. मग पत्र आलं. लगेच फोडलं.

'चित्रे पाहून प्रेक्षक ढसाढसा रडतात आणि चित्रपट इतका जिवंत वाटतो की उठून पळतात, असा संग्रह आमच्या पाहण्यात दुसरा नाही. तो गावातच ठेवावा व जनतेस कायम खुला असावा.'

मास्तरांना त्याच टपालाने कार्ड टाकलं. बन्सीदाजी आता दर शुक्रवारी येतात, स्वतःच्या चित्रासमोर पान खात बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "ह्यो मीच. हयात हाय!" मच्छिंद्रची मिशीही बऱ्यापैकी आलीय. सगळं कसं छान चाललंय.

फक्त पत्राच्या शेवटी साहेबांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलीय, तिने माझी झोप उडवलीय. 'पुढील महिन्यात आमच्या पुण्याच्या दालनात येऊन हीच व्यवस्था आपण करून दाखवावी.'

जायला माझी ना नाही. झेंडूही तिथे मिळेल. पण ज्याच्या नावाने दोनशे चौदा माणसं रडत येतील, असा माणूस मी पुण्यात शोधू कुठे?